मधल्या चरणावरून अभंग सापडायला पाहिजे

आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या तालमीत भजनी मंडळ आहे, आणि मंडळाकडं कॉम्प्युटरवर अभंग, गवळणी, भारुडं, आरत्या असं सगळं मिळून हजाराच्या आसपास फाइली आहेत, वह्या वेगळ्याच. पण फाइलींची नावं बघाल तर 'नवीन १', 'एकादशी फायनल', 'गवळण दुरुस्त', 'बुवांची नको उडवू' अशी, त्यामुळं गाणं आपल्याकडं आहे हे सगळ्यांना माहिती आणि ते कुठल्या फाइलीत आहे हे कुणालाच माहिती नाही. एकादशीला भजनाला बसलं की रूपाचा अभंग झाला, पुढचे दोन-चार झाले, की मग समोरून फर्माईश येते, आणि फर्माईश करणारा माणूस गाण्याचं नाव सांगत नाही हो, त्याला जी ओळ लागलेली असते ती सांगतो. "आरं, त्यात कुठंतरी घागर येतंय बघ, ती गवळण घे की." आता घागर कुठल्या गवळणीत नाही सांगा. मग आण्णा (आमचे बुवा) पेटीवर हात ठेवून थांबतात, कोण वही चाळतंय, कोण मोबाईल, आणि पखवाजवाला नुसता बसून राहतो.

मी मंडळात टाळकरी आहे आणि पखवाज शिकालोय. नोकरी उद्यमनगरात, एका फौंड्रीच्या ऑफिसात स्टॉक आणि बिलं बघतो. तिथलं एक्सेलचं काम हलकं व्हावं म्हणून पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर म्हणलं या गाण्यांसाठी एक साधा प्रोग्रॅम करूया, डावीकडं यादी, वर शोधायचा चौकोन, उजवीकडं मोठ्या अक्षरात गाणं, बास. हे करताना जे जे समजलं ते इथं लिहून ठेवतोय, कारण असल्या जुन्या फाइली प्रत्येक गावात कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या पेनड्राइव्हवर पडलेल्या आहेत आणि त्या वाचवता येतात.

आधी एक प्रश्न हमखास येतो, की हे सगळे अभंग नेटवर मिळतात की, मग आपलं कशाला. मिळतात. पण तिथं मिळतो तो छापील गाथेचा पाठ, आणि आमच्या मंडळात जो पाठ म्हणतात तो काही ठिकाणी वेगळा आहे, एखादा शब्द इकडचा तिकडं, एखादा चरण जास्त. तुकोबांच्या छापील गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत आणि गाथेच्या प्रतींमध्येसुद्धा आपापसात पाठभेद आहेतच. आण्णांनी जो पाठ त्यांच्या गुरूंकडनं ऐकून घेतला तो चुकीचा म्हणून मी पुसणार नाही, कधीच नाही. शिवाय चाल कुठली, पट्टी (म्हणजे सूर) कुठली, कुठल्या चरणानंतर उचल घ्यायची, हे नेटवर कुठं मिळणार. ते आमच्याच फाइलीत आहे, बारीक अक्षरात, कंसात लिहिलेलं.

तर फाइली उघडल्या. निम्म्याहून जास्त फाइलींमध्ये मराठी नव्हतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसत होता. कारण साधं आहे. हे टायपिंग मंडळानं पूर्वी महाद्वार रोडच्या एका बोळातल्या डीटीपीवाल्याकडनं करून घेतलेलं, आणि त्या काळच्या डीटीपी फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फक्त त्या अक्षराच्या जागी चित्र मराठीचं बसवलेलं असतं. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खेळ खलास. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक ठरलेला नंबर, त्याच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरी होती, आणि त्याच साली आपल्याकडं इस्की म्हणून सरकारी स्टँडर्ड पण आलेलं, पण छपाईच्या धंद्यात प्रत्येक फॉन्टनं आपापली मांडणी वापरली, त्यामुळं कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर हा एका फॉन्टचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे आमच्या फाइलींसाठी तक्ता आम्हालाच करायला लागणार होता.

तक्ता करायला मी आणि आमच्या आक्का बसलो. आक्का मंडळात सगळ्यात जुन्या, त्यांना शेकड्यानं अभंग तोंडपाठ. मी स्क्रीनवरचा कचरा दाखवायचो, शेजारी वहीतलं तेच गाणं ठेवायचो, आणि कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर ते जुळवत जायचो. मूळ अक्षरं पटापट जुळली, अवघड पुढंच होतं. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, कारण दिसते ती आधी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवायची असते. 'विठ्ठल' मध्ये तिला एका 'व' वरनं उडी मारून पलीकडं न्यायची, सोपं आहे. पण 'स्थिती' घ्या, तिथं वेलांटी अर्ध्या स च्या पण आधी बसलेली असते, तिला स् आणि थ दोन्ही ओलांडून न्यायला लागतं, म्हणजे जोडाक्षर जिथं संपतं तिथपर्यंत. रफाराचं बरोब्बर उलटं. तो अक्षराच्या नंतर टाइप केलेला असतो आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी जातो, 'कीर्ती' मधला र हा त च्या आधी. आणि काही अक्षरं तर दोन तुकड्यांत, अर्धा श आणि त्याला काना लावला की पूर्ण श, त्यामुळं काना दिसला म्हणून लगेच आ धरायचा नाही, आधी मागं अर्धं अक्षर आहे का बघायचं. म्हणून क्रम असा ठेवला की आधी लांब तुकडे बदलायचे, मग छोटे, मग वेलांटी हलवायची, सगळ्यात शेवटी रफार. हा क्रम बसल्यावर एक गवळण रूपांतर करून स्क्रीनवर लावली आणि आक्कांनी ती पहिल्या चरणापासून शेवटपर्यंत चष्मा न लावता वाचली, मधी कुठं अडल्या नाहीत. त्या दिवशी मला खरंच फार बरं वाटलं.

काही फाइली मात्र गेलेल्या होत्या. कुणीतरी कधीतरी युनिकोडमधली फाइल जुन्या कॉम्प्युटरवर उघडून एएनएसआय या जुन्या, मराठी न मावणाऱ्या प्रकारात सेव्ह केलेली, आणि तसं केलं की प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. अख्ख्या पानावर नुसती प्रश्नचिन्हं. यातनं मजकूर परत येत नाही, अक्षर कुठलं होतं ही माहितीच पुसली गेलेली असते. पण शब्दांमधली मोकळी जागा आणि ओळी तशाच राहतात, आणि हे बघितल्यावर डोक्यात आलं की प्रश्नचिन्हं मोजता येतील की. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह) सगळ्याला एकेक वेगळं प्रश्नचिन्ह पडतं. 'तुका' म्हणजे त, उकार, क, काना, चार. 'म्हणे' म्हणजे म, हलन्त, ह, ण, मात्रा, पाच. शेवटच्या चरणात चार आणि पाच अशी जोडी दिसली की ती मुद्रिका, म्हणजे शेवटी येणारी संताच्या नावाची खूण असणार, पण कुणाची ते कळत नाही, कारण नामा, सेना, चोखा, निळा हे सगळेच चार भरतात. जनी तेवढी तीन. पण एका फाइलीच्या शेवटच्या ओळीत आधी तीन आणि मग आठ होते,

??? ????????

आणि हे 'एका जनार्दनी' शिवाय दुसरं काय असणार, मोजून बघा. मग वहीतल्या संत एकनाथांच्या गवळणी काढल्या, त्यांची पहिली ओळ अशीच मोजत गेलो आणि जुळली. नंतर हे मोजायचं काम कॉम्प्युटरलाच दिलं, प्रश्नचिन्हांच्या फाइलीचा साचा घ्यायचा आणि बाकीच्या चांगल्या फाइलींशी ताडून बघायचा. बऱ्याचशा गेलेल्या फाइली म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्ये धडधाकट असलेल्या गाण्यांच्याच कॉप्या निघाल्या. ज्या जुळल्या नाहीत त्या आक्कांकडनं म्हणून घेतल्या आणि नव्यानं टाइप केल्या.

आता प्रोग्रॅम. पायथॉनबरोबर टीकेइंटर म्हणून खिडक्या-बटणांचा संच विंडोजवर आपोआपच येतो, त्यात यादी, चौकोन आणि मजकुराची जागा या तिन्ही गोष्टी तयार मिळतात, पहिलं चालणारं रूप करायला फार वेळ लागला नाही. प्रोग्रॅम चालू झाला की फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकदाच वाचून मेमरीत घेतो. लोक म्हणाले डेटाबेस कर. मी नाही केला, आणि विचार करूनच नाही केला. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फाइलीत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एक अक्षर किंवा चिन्ह तीन बाइट घेतं, एक अभंग पाचशे अक्षर-चिन्हांचा धरला तरी दीड केबी, हजार अभंगांचे दीड एमबी. मोबाईलवरचा एक फोटो यापेक्षा मोठा असतो. एवढ्याला डेटाबेस कशाला? आणि साध्या टेक्स्ट फाइली असल्या की उद्या माझा प्रोग्रॅम चालला नाही, मी गाव सोडून गेलो, तरी फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर, मोबाईलवर उघडणारच. ज्या फॉन्टच्या कुलपातनं हे अभंग एवढी खटपट करून बाहेर काढले ते परत माझ्या कुलपात घालायचे, हे मला पटणारच नव्हतं.

यादीत फाइलीचं नाव दाखवत नाही, गाण्याची पहिली ओळ दाखवतो. नावं तशीच ठेवली, कारण 'बुवांची नको उडवू' या नावानंच आण्णा ती फाइल ओळखतात.

शोधायचं काम मात्र दिसतं तेवढं सोपं नाही निघालं. पायथॉनच्या रेगेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायची सोय) शब्द ओळखायची जी खूण आहे ती काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर धरत नाही. त्यामुळं 'घागर' चे घ आणि गर असे दोन तुकडे पडतात, 'विठ्ठल' चे तर तीन. म्हणून शब्द तोडायच्या भानगडीतच पडायचं नाही असं ठरवलं, टाइप केलेलं सरळ मजकुरात सलग कुठं येतंय का एवढंच बघायचं. हजार फाइलींत ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

पुढची अडचण म्हणजे एकच शब्द चार तऱ्हेनं लिहिलेला. जुन्या पोथ्यांवरनं उतरवलेल्या फाइलींत 'तें', 'नाहीं', 'कां' असे अनुस्वार, नव्यांत नाहीत, कारण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. शोधणारा माणूस अर्थातच अनुस्वार न देता शोधणार. वर कुणी ऱ्हस्व लिहितो, कुणी दीर्घ, कुणी ण चा न. सगळ्यात छळलं ते 'वारकऱ्या' या शब्दानं. यातला र्‍य दोन पद्धतीनं साठवता येतो, एकात वेगळा नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढं न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखे, कुठं तसूभर फरक दिसणार नाही, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. भजनी मंडळाच्या प्रोग्रॅममध्ये वारकरीच सापडेनात म्हणल्यावर कसं चालेल. मग प्रत्येक गाण्याची आत एक दुसरी प्रत करून ठेवली, फक्त शोधायसाठी, तिच्यात अनुस्वार काढलेले, दीर्घाचे ऱ्हस्व केलेले, ष चा श, ण चा न, ऱ चा र, न दिसणारी चिन्हं आणि दंड उडवलेले. माणूस जे टाइप करेल त्यालाही हेच सगळं करायचं आणि मग ताडायचं. दाखवायची ती मात्र मूळ प्रत, अनुस्वारासकट. मूळ मजकुराला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्यापासून पाळला.

मुद्रिकेवरनं संत ओळखायचं पण घातलं. शेवटच्या दोन ओळीत काय आहे बघायचं, 'एका जनार्दनी' तर नाथ, 'निळा म्हणे' तर निळोबाराय, 'बापरखुमादेवीवरु' तर ज्ञानेश्वर माउली. नामदेवांच्या बाबतीत जरा जपूनच, कारण विष्णुदास नामा म्हणून नंतरच्या काळातले कवी आहेत आणि दोघांच्या रचना पुष्कळ ठिकाणी मिसळल्यात, तिथं प्रोग्रॅम फक्त 'नामा' लिहितो, पुढचा निवाडा अभ्यासकांनी करावा. आण्णांना हा भाग सगळ्यात आवडला. ते म्हणाले, "एका संताचे अभंग एका जागी दिसाय लागले की कुठले आपण कधी म्हणतच न्हाई ते पण कळतंय बघ." आणि खरंच, सेना महाराजांचे, चोखोबांचे अभंग आमच्याकडं लिहिलेले होते आणि वर्षानुवर्षं कुणी घेतले नव्हते. आता घेतात.

यादीचा क्रम हाही एक विषय निघाला. कॉम्प्युटर ज्ञ ला ज मध्ये घालतो आणि क्ष ला क मध्ये. वहीच्या अनुक्रमणिकेत हे शेवटी, ह आणि ळ च्या पुढं. आण्णा ज्ञ ने सुरू होणारा अभंग बघायला यादीच्या तळाला जायचे आणि तिथं तो नसायचा. त्यांच्या हाताला जी सवय आहे तीच बरोबर, यादी तिच्याप्रमाणं लावली.

गाणं दिसतं त्या जागी धृपदाच्या ओळीला रंग दिला, फाइलीत ॥धृ॥ असतंच, त्यावरनं ती ओळ धरता येते. काही फाइलींत दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ होती, ती दाखवताना दंड करून दाखवतो. वरच्या आडव्या रकान्यात चाल, पट्टी आणि ठेका. 'काळी दोन', 'भजनी', 'केरवा' असं जे फाइलीच्या सुरवातीला लिहिलंय तेच उचलतो. अक्षर मोठं करायला कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवायचं. फॉन्ट मुक्ता घेतला, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, फुकट वापरता येतो आणि लांबनं स्वच्छ दिसतो. तालमीतल्या टीव्हीला वायर लावली की मागं बसलेल्यांना पण वाचता येतं.

पुतण्याच्या लिनक्स लॅपटॉपवर मात्र टीकेइंटरनं जोडाक्षरं तोडून दाखवली, वेलांटी पण चुकीच्या बाजूला. त्या लॅपटॉपवर ते संच देवनागरीची अक्षरं जुळवतच नव्हतं, त्यावर आपण वरनं काही करू शकत नाही. पुतण्यानं खिडकीचा भाग क्यूटी नावाचा दुसरा संच वापरून परत लिहिला, त्यात अक्षरजुळणी व्यवस्थित होते, आता दोन्हीकडं तेच चालतं. बाकी एक्झी फाइल करणं, ती पेनड्राइव्हवर घालणं, अँटीव्हायरसनं उगीच अडवलं तर परवानगी देणं, ही कामं होत राहतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या मंडळांनी मागितलं तर काय द्यायचं यावर तालमीत बसून बोलणं झालं. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत, ते बिनधास्त द्यायचे. पण फाइलींत भावगीतं, सिनेमातली भक्तिगीतं पण होती, आणि आपल्या कायद्यानं गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ती गाणी वेगळ्या फोल्डरला काढली, ती बाहेर जात नाहीत. काही जणांना हे फार काटेकोर वाटलं. मला वाटतं ज्या माणसानं शब्द लिहिले त्याचं एवढं तरी राखलंच पाहिजे, आणि हे कोल्हापूर आहे, इथं गाणी लिहिणारी माणसं आपल्याच गल्लीतनं चालत गेलीत.

कळंब्याचं एक महिला भजनी मंडळ पेनड्राइव्ह घेऊन गेलंय, त्यांनी त्यांच्या ओव्यांचं फोल्डर शेजारी ठेवलं आणि प्रोग्रॅमनं ते काही न बदलता वाचलं. त्यांच्याकडनं एक चांगली मागणी आली, की आजच्या भजनाची यादी आधी लावून ठेवता यावी आणि तीच छापता यावी. ते केलंय. आता आषाढीला नंदवाळच्या दिंडीसाठी त्यातनंच छोटी पुस्तिका काढायचं चाललंय, अक्षर मोठं, एका पानावर एकच अभंग, म्हणजे चालता चालता वाचता येईल. पुईखडीला रिंगणाच्या वेळी जे अभंग म्हणतात त्यांची यादी आक्कांनी दिलीय, त्यातले दोन फक्त त्यांच्या तोंडात आहेत, वहीत पण नाहीत. रविवारी त्यांच्याकडं बसून ते उतरवून घ्यायचेत.